पोरांच्या हातात गळ देताना

मला लहानपणापासून गळ टाकून मासे धरायचा नाद आहे आणि हा नाद पुढच्या पिढीला लागावा असं मनापासून वाटतं, म्हणून गेली काही वर्षं मी घरातल्या आणि ओळखीतल्या बारा ते अठरा वयाच्या पोरांना सोबत घेऊन जातोय. सुरुवात भाच्यापासून झाली, मग त्याची धाकटी बहीण, मग त्याचे मित्र, मग त्यातल्या एकाची चुलत बहीण, असं करत करत एक टोळीच जमली. पोरं यात कशी येतात आणि आलेली कशी टिकतात याचा जो काही अनुभव आला तो सविस्तर लिहितोय, कारण बरेच जण म्हणतात की आजकालच्या मुलांना एका जागी बसवत नाही आणि मला ते अजिबात पटत नाही. तासन् तास गेम खेळणारं पोरगं एका जागीच बसलेलं असतं की. त्याला तिथे धरून ठेवतं ते काय, तर दर मिनिटाला काहीतरी ठरवायला मिळतं. गळ टाकताना पण हेच मिळतं, कुठे टाकायचा, किती खोल सोडायचा, आमिष काय लावायचं, हिसका कधी द्यायचा, फक्त आपण मोठी माणसं हे सगळं त्याच्या हातातून काढून घेत नसलो तर.

भाच्याला मी सुरुवातीला पाण्यावर नेलंच नाही. घरी टेबलावर बसलो, नायलॉनची लाइन, टोक घासून बोथट केलेला मोठा हुक आणि गाठ, बस एवढंच. गाठ मारणं हा माझ्या मते या छंदाचा खरा दरवाजा आहे, कारण ज्याला स्वतःची गाठ मारता येते तो प्रत्येक वेळी "मामा बांधून दे ना" म्हणत मागे फिरत नाही. आम्ही घेतली ती सुधारित क्लिंच गाठ. लाइन हुकच्या डोळ्यातून ओवायची, मोकळं टोक मुख्य लाइनभोवती पाच-सहा वेळा पिळायचं, मग डोळ्याजवळ जे छोटं भोक राहतं त्यातून टोक परत घालायचं, त्याने जो मोठा फास तयार होतो त्यातूनही एकदा काढायचं, आणि मग ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. हे ओलं करणं पोरांना उगाच वाटतं. म्हणून मी कारण सांगत बसलो नाही, एक गाठ कोरडीच करकचून ओढायला लावली, एक ओली करून हळूहळू आवळायला लावली, आणि दोन्ही हुकांना पाण्याने भरलेली बाटली अडकवून झटके द्यायला सांगितलं. कोरडी आधी तुटली. मग त्यानेच विचारलं की असं का, तेव्हा सांगितलं की नायलॉनवर नायलॉन घासलं की गरम होतं आणि तेवढ्या उष्णतेनेही लाइन तिथे कमजोर पडते. त्यानंतर कोरडी गाठ ओढताना तो मला कधी दिसला नाही.

त्याच टेबलावर धाकटीने विचारलं की नायलॉन नव्हतं तेव्हा लोक काय वापरायचे. नायलॉन जगासमोर आलं १९३८ मध्ये, अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने ते जाहीर केलं, त्याआधी रेशमाचा दोरा असायचा आणि घोड्याच्या शेपटीचे केस वळून केलेली लाइनसुद्धा असायची. आणि गळ तर त्याहून कितीतरी जुना. जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाच्या गुहेत समुद्री गोगलगायीच्या शंखापासून घासून केलेले गळ सापडलेत, साधारण २३,००० वर्षांपूर्वीचे. हे सांगितल्यावर तिने लगेच मोबाइलवर फोटो शोधला आणि टेबलावरचा आमचा हुक स्क्रीनच्या शेजारी धरून दोन्हींचा बाक जुळवून बघत बसली. मोबाइलला मी या छंदाचा शत्रू मानत नाही. पोरं त्याच्यावर वारा बघतात, पाऊस बघतात, गाठींचे व्हिडिओ बघतात, माश्याची जात ओळखतात. तो ठेव बाजूला म्हणून दरडावलं की पोरगं मनाने तिथून उठूनच गेलं समजा.

पहिल्यांदा पाण्यावर जाताना रील, म्हणजे लाइन गुंडाळायची फिरकी, नेलं नाही. हे माझं ठाम मत आहे, नवशिक्याला पहिल्याच दिवशी रील दिलं की अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो आणि त्याला वाटतं आपल्याला हे जमणारच नाही. साधी लांब हलकी काठी, टोकाला बांधलेली काठीएवढीच लाइन, एक बारीक फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, वजनासाठी शिशासारखे दिसणारे पण शिशाचे नसलेले दोन-तीन मणी आणि बारीक हुक. हुकच्या नंबरांचं एक लक्षात ठेवायचं, आकडा मोठा तसा हुक लहान, म्हणजे १४ नंबर हा ८ नंबरपेक्षा बारीक असतो, आणि १ च्या पुढे १/०, २/० असं गेलं की परत मोठा होत जातो. छोट्या माश्यांसाठी १२-१४ पुरतो. जागा पण अशी निवडली की जिथे लहान मासे भरपूर, काठ सपाट आणि पाणी काठाजवळ उथळ. मोठा मासा नंतर केव्हाही मिळेल हो, पहिल्या दिवशी फ्लोट हलायला पाहिजे, सारखा हलायला पाहिजे.

पोचल्यावर लगेच गळ टाकायचा नाही, आधी सगळ्यांनी थोडा वेळ नुसतं पाणी बघायचं आणि जे दिसेल ते बोलायचं, असा नियम केला. सुरुवातीला म्हणाले काहीच दिसत नाहीये. मग एकाला गवताच्या कडेला बारीक बुडबुड्यांची रांग दिसली, दुसऱ्याला वाऱ्याने कचरा कुठल्या काठाला गोळा होतोय ते दिसलं. आता कार्पसारखे मासे तळातला गाळ तोंडाने उकरून खातात, त्यातून असे बुडबुडे येतात, आणि वारा ज्या काठाला लागतो तिकडे बऱ्याचदा खाणंही वाहत येतं. मी एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो, जागा त्यांनीच निवडली. एकाने बुडबुड्यांजवळ टाकला, एकाने वाऱ्याच्या काठाला, आणि आता कोण बरोबर यावर त्यांची आपापसात पैज. ज्याने जागा स्वतः निवडली तो तिथे किती चिकटून बसतो हे बघण्यासारखं असतं.

पाय आपटू नका, वाकून बसा, हे नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, कारण सांगितलं की ऐकतात. माश्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, तिने त्याला पाण्यातली बारीकशी हालचालही कळते, आणि कार्प, कॅटफिश या मंडळींच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते त्यामुळे त्यांना इतर बऱ्याच माश्यांपेक्षा चांगलं ऐकू येतं. वरचं जग मासा एका गोल खिडकीतून बघतो, प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो म्हणून सगळं आकाश आणि काठ त्याला साधारण ९७ अंशांच्या त्या खिडकीत दाबून दिसतं आणि जे जमिनीलगत असतं ते खिडकीच्या कडेला चेपून जातं. म्हणून बसलेला माणूस त्याला कमी दिसतो, उभा जास्त. हे ऐकल्यावर भाचा स्वतःहून पोटावर झोपून काठाकडे सरकायला लागला. इतकं करायची गरज नव्हती पण मी थांबवलं नाही.

आता फ्लोटबद्दल जरा निवांत सांगतो, कारण माझ्या मते सगळी जादू तिथे आहे. फ्लोटखाली मणी असे लावायचे की पाण्याच्या वर फक्त रंगीत टोक राहील, बोटाच्या नखाएवढं. जास्त वर राहिला तर छोट्या माश्याला ओढताना जड लागतो आणि तो आमिष सोडून देतो. तर ते टोक आधी नुसतं थरथरतं, त्याच्याभोवती एक बारीक वर्तुळ उठतं. म्हणजे मासा आमिषाला टोकरतोय, तोंडात घेतलेलं नाही. पोरांचा हात लगेच उचलतो. उचलू दे. दोन-चार वेळा रिकामा हुक वर आला की त्यालाच कळतं की घाई झाली. मग कधी फ्लोट तिरका होऊन सरकायला लागतो, कधी सरळ खाली जातो, आणि कधी एकदम वर येऊन आडवा पडतो. हे शेवटचं भल्याभल्यांना कळत नाही, पण मासा तळावरचं आमिष तोंडात घेऊन वर आला की मण्यांचं वजन त्याच्या तोंडावर येतं आणि फ्लोट मोकळा होऊन वर येतो. धाकटीने हे पहिल्याच दिवशी कोणी न सांगता ओळखलं. फ्लोट आडवा पडला, तिने "आता" म्हणत काठी मनगटाने हलकेच उचलली आणि काठीचं टोक वाकलं ते वाकलंच. ती ओरडत होती, मामा घे घे पकड. मी हात खिशात ठेवले आणि म्हटलं तुझा मासा आहे, काठी उंच ठेव, लाइन ढिली सोडू नकोस. तळहाताएवढा टिलापिया होता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी मी वाट्टेल तितक्या वेळा हात खिशात ठेवीन.

काठी हिसकावून घेणं, हेच मी बहुतेक वडील-काकांना करताना बघितलंय, आणि तेही प्रेमापोटीच. मासा सुटेल या भीतीने. सुटू द्या ना. पोराने स्वतः घालवलेला मासा तो आठवडाभर आठवत बसतो आणि पुढच्या वेळी लाइन ताणलेली ठेवतो, पण तुम्ही ओढून काढलेला मासा तुमचा, त्याने फक्त फोटोत धरलेला.

मासा हातात आल्यावरचा भागही तितकाच शिकवण्यासारखा आहे. आधी हात ओले करायचे, कारण माश्याच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याला जंतूंपासून वाचवतो आणि कोरड्या हाताला तोच चिकटून निघतो. कल्ल्यात बोट घालायचं नाही. हुकचा उलटा काटा आम्ही घरीच पकडीने दाबून टाकलेला असतो त्यामुळे हुक चटकन निघतो, माश्याला जखम कमी होते आणि कोणाच्या बोटात घुसलाच तरी काढणं सोपं जातं. सोडायचा असेल तर पाण्याबाहेर किती वेळ, तर आपण स्वतः श्वास रोखून धरायचा आणि आपल्याला सोडावासा वाटला की मासा पाण्यात. पोरं हे फार मनापासून पाळतात, फोटो काढणाऱ्याला गाल फुगवून हाताने घाई करतात. ठेवायचा की सोडायचा हेही त्यांनीच ठरवायचं, पण त्याआधी त्या पाण्याचे नियम वाचून यायचे, परवाना लागतो का, कुठल्या जातीला किती लांबीची अट आहे, विणीच्या काळात बंदी आहे का. हे काम मी दर वेळी वेगळ्या पोराला देतो. नियम ज्याने वाचलेत तो त्या दिवशी इतरांवर बारीक नजर ठेवतो.

गांडुळाला हात लावायला ज्यांना नको वाटतं त्यांना चिडवायचं नाही. मक्याचा दाणा लावा, पावाची गोळी लावा, मासे त्यालाही येतात. टोळीतल्या एका मुलीने फार दिवस फक्त मका वापरला आणि मग एक दिवस तिला कळलं की शेजारच्याला गांडुळावर जास्त बाइट येतायत, म्हणजे मासे आमिषाला जास्त तोंड लावतायत, तर तिने स्वतःच डबा पुढे ओढला.

टोळी खरी पक्की झाली ती मासा न मिळालेल्या दिवशी, हे लिहिताना मला आजही बरं वाटतं. ऊन कडक, वारा पडलेला, भर दुपार आणि कोणालाच बाइट नाही. मला वाटलं आता कंटाळतील, तर भाचा विचारायला लागला की मागच्या वेळी याच जागी होते ना मग आज गेले कुठे. मी थर्मामीटर दिला, त्याने काठाजवळचं पाणी मोजलं, भलतंच गरम. मग सांगितलं की पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, गोड्या पाण्यात १५ अंशाला लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशाला जेमतेम साडेसात, आणि माश्याचं शरीर तर गरम पाण्यात उलट जास्त प्राणवायू मागतं. म्हणजे तो कुठे जाईल? एक म्हणाला सावलीत, एक म्हणाला खोल, एक म्हणाला जिथून पाणी पडतंय तिथे. तिन्ही उत्तरं बरोबर होती आणि तिन्ही त्यांची होती. त्यांनी ठरवलं पुढच्या वेळी पहाटे यायचं. सुट्टीच्या दिवशी दहाला उठणारी ही पोरं अंधारात दारात उभी होती, आणि कोणी त्यांना उठवलं नव्हतं.

तिथून वही सुरू झाली. तारीख, पाण्याचं तापमान, वारा कुठून, ढग होते की ऊन, किती खोल टाकला, आमिष काय, बाइट केव्हा. वही मुलांचीच, माझं अक्षर त्यात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पोरं ती मागे चाळून वाद घालायला लागली की ढगाळ दिवशी दुपारीसुद्धा मासे लागतात, दिसलं का, आणि मला हे ऐकताना फार समाधान वाटायचं, कारण शाळेत विज्ञान नको म्हणणारी पोरं इथे आपणहून निरीक्षणं लिहितायत.

रील आलं ते यानंतर. सहा-सात फुटी हलका रॉड, साधं स्पिनिंग रील, चार किलो ताकदीची लाइन, याहून महागडं काही नवशिक्याला लागत नाही. आधी मोकळ्या मैदानात, हुक न लावता नुसतं वजन बांधून, जमिनीवर टाकलेल्या टायरमध्ये पाडायचं. तेव्हाच दोन सवयी लावल्या, रॉड मागे नेण्याआधी मागे वळून बघायचं आणि डोक्यावर टोपी, डोळ्यावर चष्मा असल्याशिवाय फेकायचं नाही. रीलचा ड्रॅग, म्हणजे लाइन किती ओढीला सरकायला लागेल ते ठरवणारा ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ठेवायचा, म्हणजे चार किलोची लाइन असेल तर एक-सव्वा किलोच्या ओढीला ती सुटायला लागली पाहिजे. स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून पोरांनी ते मोजलं. त्यामुळे मोठा मासा लागला की लाइन तुटत नाही, सरकते, आणि मासा दमतो.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी कोणाला ठरवायला देत नाही. खोल पाण्याच्या काठावर किंवा होडीत लाइफ जॅकेट घालायचंच, पोहता येत असलं तरी. एकट्याने जायचं नाही. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते म्हणून विजेच्या तारांखाली रॉड उभा करायचा नाही, आणि गडगडाट ऐकू आला की मासा लागलेला असला तरी रॉड खाली ठेवून लांब जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत परत यायचं नाही. याला अपवाद नाही. पोरं सुरुवातीला कुरकुरतात, मी ऐकत नाही.

मघाशी म्हटलं ना मणी शिशाचे नव्हते, त्याचं कारण म्हणजे पडलेले शिशाचे मणी पाणपक्षी खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनमध्ये हंस असे मरायला लागले म्हणून १९८७ पासून तिथे छोट्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आम्ही कथील किंवा टंगस्टनचे वापरतो. तुटलेली लाइन खिशातल्या डबीत जाते, स्वतःची आणि दुसऱ्यांनी टाकलेलीही, कारण नायलॉन कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात गुंततं. एकदा काठावर पायात लाइन अडकलेला बगळा पोरांनी बघितला. तो हाताला लागला नाही, उडून गेला. त्या दिवशी कोणी फारसं बोललं नाही, पण निघताना सगळ्यांच्या डब्या गच्च भरलेल्या होत्या.

एक आणखी, वेळेचं. सुरुवातीच्या काळात दोन तासांच्या वर थांबायचं नाही, पोरं अजून थोडा वेळ म्हणत असतानाच निघायचं. दमून, उन्हाने डोकं दुखून घरी आलेलं पोरगं पुढच्या वेळी कारणं सांगतं. आणि सोबत त्याच्या वयाचं कोणीतरी पाहिजेच, मामा कितीही आवडता असला तरी चौदा वर्षाच्या मुलाला सगळा वेळ मामा नको असतो.

सध्या टोळीत लूरवरून, म्हणजे खोट्या, बनवलेल्या आमिषावरून, जोरदार चर्चा चालू आहे. भाच्याला आमिष सोडून लूरवर जायचंय, बहीण म्हणते फ्लोटमध्येच अजून कितीतरी बाकी आहे, आणि दोघांनी वहीतून आकडे काढून एकमेकांसमोर ठेवलेत. शेजारच्या एका लहान मुलाला गाठ शिकवायचं काम बहिणीने स्वतःहून घेतलंय, परवा त्याच्याकडून कोरडी आणि ओली अशा दोन गाठी मारून घेऊन बाटली अडकवत होती. पुढच्या पहाटे दोन गट करायचे, एक लूर आणि एक फ्लोट, एकच पाणी, एकच वेळ, असं ठरलंय. नियम वाचायची पाळी त्या लहान मुलाला दिलीये आणि त्याने कालच मला फोन करून विचारलं की मासा मोजायचा तो शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या खाचेपर्यंत. मी म्हटलं, ते त्या नियमांतच लिहिलेलं असेल, शोध आणि सगळ्यांना सांग.